मोड आलेले चणे

१

"चणे पुरायचे नाय, सांगून ठेवते. सही करायला घरातला एक येतो नि चणे खायला पाच."

एस्थरने हे माझ्या कानात सांगितलं तेव्हा रोझरीच्या जपमाळेचं चौथं रहस्य चाललं होतं. तोंडाने 'नमो मरिये' चालूच. दोन्ही एका श्वासात जमवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मे महिना म्हणजे आमच्या करंजआळीत मरियामातेचा महिना. मूर्ती रोज नव्या घरी मुक्काम करते. दुसऱ्या संध्याकाळी तिथे रोझरी होते, उकडलेले चणे वाटतात आणि मेणबत्त्या घेऊन सगळे मूर्तीला पुढच्या घरी पोचवतात. मी हिंदू, त्यामुळे माझ्या घरी पाळी नसते. पण मूर्तीच्या बैठकीची झालर पंचवीस वर्षं मीच शिवते, म्हणून पहिल्या रांगेत माझी जागा ठरलेली. बैठक म्हणजे एक पोकळ लाकडी खोकं. झालर धुवायला काढता यावी म्हणून मागच्या बाजूला सात टिचबटणं लावलेली आहेत.

त्या बुधवारी मूर्ती एस्थर आणि तिचा नवरा मार्सेल यांच्याकडे होती. तिच्या शेजारी शोकेसवर गावाची निळी फाईल ठेवलेली. फाईलमध्ये एकशे त्रेचाळीस सह्या होत्या. विषय बावखलाचा.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमचं शाळेला लागून आहे. ते भरलेलं असतं म्हणून आजूबाजूच्या विहिरी गोड आहेत. समुद्र इथून चालत वीस मिनिटांवर. शाळेला ते बुजवून चार मजले आणि बसतळ बांधायचं होतं. शनिवारी अकरा वाजता हरकतींची सुनावणी, तीही शाळेच्याच सभागृहात.

गंमत अशी की आळीत त्या शाळेचा राग करणारा एक माणूस सापडायचा नाही. श्रीरंग सर पन्नास वर्षांपूर्वी साताऱ्याकडून आले, तीन कौलारू खोल्यांत शाळा काढली आणि आम्हांला शिकवलं. मी चौथीनंतर घरी बसले तेव्हा ब्लाउजचे कागद कापायला ते मला रद्दी द्यायचे आणि म्हणायचे, "कापण्याआधी वाच." मी जे काही वाचायला शिकले ते असं, बाह्या आणि गळ्यांच्या मधून. सर जाऊन चार वर्षं झाली. शाळा आता त्यांचा मुलगा हर्षवर्धन चालवतो. चांगली चालवतो, हेही खरंच.

शेवटची प्रार्थना, लितानी, संपली आणि मागून सरांच्या पत्नी जयवंतीबाई हळूच म्हणाल्या, "क्लारा, उद्याची पाळी मला देशील? पुढच्या आठवड्यात मी गुडघ्याच्या डॉक्टरकडे, पुण्याला."

पन्नास वर्षांत बाईंनी कधी मूर्ती मागितली नव्हती. एस्थरने पदराने डोळे टिपले. क्लारा एकोणतीस वर्षं त्यांच्या शाळेत मावशी आहे. तिने तर "बाई, माऊली तुमचीच" म्हणून हातच जोडले.

चणे वाटून झाले. सगळे अंगणात मेणबत्त्या पेटवायला गेले. मी दारात उभी राहून वाऱ्याला शिव्या घालत होते, त्यामुळे घरातून जो बाहेर आला तो माझ्या समोरून गेला. आधी गॅरेजवाला अल्पेश आला, हातात मोबाइल. मग बाई, काठी आणि मेणबत्ती घेऊन. मागे क्लारा. मग अल्पेश आणि मार्सेलने मूर्ती उचलून आणली. मागच्या दाराला केळीचे घड रचलेले, तिथून मांजरही जात नव्हतं.

मूर्ती बाईंकडे पोचवून आम्ही परत आलो. मार्सेल घरात शिरला आणि तिथेच थांबला.

शोकेस रिकामी होती.

२

"परात ठेवायला मीच सरकवली होती," एस्थर म्हणाली. "लितानी झाल्यावर. तेव्हा होती."

लांबरुंद, कडक प्लास्टिकची फाईल. पदराखाली मावत नाही, शर्टात तर नाहीच. सगळे रिकाम्या हाताने बाहेर आले हे मी स्वतः पाहिलेलं.

"सह्या काय, परत घेऊ," मी म्हटलं.

"सह्यांचं नाय गो." मार्सेल खुर्चीत बसला. "आत सरांचं पत्र होतं. त्यांच्या हातचं. माझ्या बापाला लिहिलेलं, श्याऐंशी साली. बावखलाबद्दल."

"झेरॉक्स?"

"झेरॉक्सवाला शाळेच्या गेटवर. त्याच्या मशिनीत पत्र घातलं की ते हर्षवर्धनच्या टेबलावर पोचलं म्हनून समज."

"फोटो तरी?"

त्याने आपला बटणांचा फोन वर करून दाखवला.

"पत्र आहे हे कोणाला ठाऊक होतं?"

"सगल्यांना. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मीच बोललो ना, आपल्याकडे सरांच्या हातचं आहे म्हनून. सोमवारी बाईपन विचारायला आल्या. मी नाय दाखवलं. म्हातारीला वाईट वाटायला नको."

गुरुवारी सकाळी आम्ही नवा कागद घेऊन निघालो. मार्सेल म्हणाला, "तू संगती ये. तू कोनाची नातेवाईक नाय. तुला खोटं सांगायला लाजतील."

लाजले नाहीत. रविवारी चर्चच्या आवारात, सगळ्यांच्या देखत सही करणं वेगळं. दारात, एकट्याने पेन हातात धरणं वेगळं. एकाचा चष्मा सापडेना. एकीचा नातू यंदा ज्युनिअर केजीला. एकाने आम्हांला सरबत पाजलं, सरांच्या आठवणी सांगितल्या, डोळ्यांत पाणी आणलं आणि सहीचं उद्यावर टाकलं. दुपारपर्यंत नऊ सह्या झाल्या. त्यातली एक माझी आणि दोन मार्सेलच्या घरातल्या.

अल्पेश गॅरेजमध्ये भेटला. शाळेच्या सहा बसेस त्याच्या आहेत.

"काकी, तुम्ही माझ्यावरच येणार, माहीत होतं. मी सही केलेली ना? चोरायचं असतं तर सही कशाला केली असती?"

"सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही म्हणून."

"ते पण आहे." त्याने हात पुसले. "खरं सांगू? फाईल गेली ऐकून मला बरंच वाटलं. नववीत माझी फी सरांनी भरलेली. आता त्यांच्या मुलाच्या तोंडावर कसं सांगू, हे चुकतंय म्हणून? पण मी नाही घेतली. आईशप्पथ."

"घरात शेवटी कोण होतं?"

"मी चार्जिंगला लावलेला फोन काढायला आत गेलो तेव्हा क्लारामावशी बाईंच्या चपला शोधत होती, पडवीत. बाई मूर्तीपाशी बसलेल्या, हात जोडून. लगेच बाहेर आलो. मग मार्सेलकाकांनी हाक मारली, मूर्ती उचलली. एवढंच."

क्लारा तर मला पाहूनच रडायला लागली. "माझ्यावरच येनार. शालेत झाडू मारते ना मी. चावी माझ्याकडे, डस्टर माझ्याकडे, मग फाईलपन माझ्याकडेच, असं बोलतील."

"कोणी बोललं?"

"कोनी बोलत नाय, तेच तर." तिने नाक शिंकरलं. ओट्यावर चण्यांची पिशवी तशीच बांधलेली होती. माझं लक्ष गेलेलं पाहून म्हणाली, "आजच्यासाठी आनलेले. रातच्याला भिजवनार होती, दुसऱ्या दिवशी उकडायचे. तेवढ्यात बाईंनी पाळी मागितली. बरं झालं, आता उद्या माझी, आज रातच्याला भिजवीन."

मी घरी येऊन मशीनवर बसले. सुई ओवायला तीनदा चुकले.

फाईल घरात नव्हती. कोणी हातात नेली नव्हती. मग घरातून बाहेर काय काय गेलं? माणसं, मेणबत्त्या, चण्यांचे पुडे. आणि एक गोष्ट, जिला आम्ही सगळे हात जोडत होतो आणि म्हणूनच जिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

३

संध्याकाळी बाईंच्या घरी रोझरी. शाळेच्या मागच्या अंगाला त्यांचं घर, खिडकीतून बावखल दिसतं. हर्षवर्धन दारात उभा राहून सगळ्यांना "या, या" करत होता. मार्सेलला त्याने वाकून नमस्कार केला. मार्सेलनेही त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोघांनाही परवा काय आहे ते ठाऊक होतं. दोघं हवामानावर बोलले.

मी झालर नीट करायच्या निमित्ताने मूर्तीच्या मागे वाकले.

सात टिचबटणांपैकी चौथं गेली तीन वर्षं मेलेलं आहे. ते लागत नाही, म्हणून मी तिथे एक टाका घालते. मंगळवारी मार्सेलकडे मूर्ती आली तेव्हाही घातला होता. आता तो टाका तुटलेला होता आणि तिसरं बटण ओढून पाचव्याच्या घरात बसवलेलं. घाई केली की असं होतं.

झालर उचलली. मागची फळी खाचेत सरकते. पंचवीस वर्षं झालर लावूनही ती फळी सरकते हे मला माहीत नव्हतं. मी ती ठोकलेलीच समजत होते. फळीच्या आतल्या बाजूला जुन्या शाईचा शिक्का होता: हस्तकला वर्ग, आणि खाली सरांच्या वळणदार अक्षरात साल, १९९१.

गावाच्या माऊलीची बैठक सरांनी करून दिली होती. आणि आम्ही विसरूनही गेलो होतो.

खोकं रिकामं होतं.

याचा अर्थ एवढाच की फाईल यातून आली आणि काढून घेतली गेली. पण कोणी? मूर्ती रात्रभर इथे. घरात बाई, हर्षवर्धन आणि दिवसभर येणारे-जाणारे. बुधवारी आत बाई होत्या, क्लारा होती, अल्पेश होता. बाईंनी पाळी मागितली तीसुद्धा सगळ्यांच्या देखत, लितानीनंतर, मनात आलं तशी. तोवर कोणाला ठाऊक असणार मूर्ती कुठे जाणार आहे ते? आणि बेत आधीचा असेल, तर तोवर क्लाराला ती आपल्याच घरी येणार असं वाटत होतं. म्हणजे खोक्यात फाईल टाकायचा सगळ्यांत जास्त फायदा क्लाराला. तिचेच शब्द आठवले: चावी माझ्याकडे, डस्टर माझ्याकडे.

रोझरी संपली. बाई स्वतः पातेलं घेऊन आल्या.

"अगो," एस्थर माझ्या कानाशी म्हणाली, "चण्यांना मोड."

खरंच होते. अर्ध्या पेराएवढे, पांढरे, वर ओलं खोबरं आणि गोडा मसाला. बाई साताऱ्याच्या. त्यांच्याकडे कडधान्य म्हणजे मोड आणूनच करायचं. आमच्यासारखे नुसते भिजवून मीठ घालून उकडले तर त्यांना ते पाहुण्याचा अपमान केल्यासारखं वाटलं असणार.

लोक कौतुकाने खात होते. मी पुडा हातात धरून दिवस मोजत होते.

४

सगळे मूर्ती घेऊन क्लाराकडे गेले. हर्षवर्धनही पायजमा सावरत मेणबत्ती धरून गेला. मी भांडी विसळायला मागे राहिले. बाई ओट्यापाशी स्टुलावर बसल्या.

"चणे छान झाले होते, बाई."

"मोड जरा जास्त आले. उन्हाळा आहे."

"बाई, मोड यायला रात्रभर भिजवायचे. मग उपसून फडक्यात बांधून दीड दिवस तरी ठेवायचे. म्हणजे हे मंगळवारी रात्री भिजवले."

मी पातेलं विसळायला घेतलं.

"पाळी तुम्ही बुधवारी संध्याकाळी मागितली. जिची पाळी होती त्या क्लाराने भिजवलेही नव्हते. तुम्हांला मात्र मंगळवारीच ठाऊक होतं, आज घरी मूर्ती असणार."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग त्या हसल्या, अगदी थोडं.

"तू चौथीत गणितात नापास झाली होतीस ना, कमळी?"

"हो. सर म्हणाले होते, हिला उत्तर येतं, रीत येत नाही."

"आता रीतही यायला लागली." त्या उठल्या. सरांच्या टेबलाच्या खणातून निळी फाईल काढून त्यांनी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. ओलं लागू नये म्हणून खाली फडकं अंथरलं.

"मी मार्सेलकडे मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "सोमवारी. नुसतं वाचू दे म्हटलं. तो म्हणाला, बाई, तुम्हांला कशाला त्रास. चहा दिला, केळी दिली, पत्र नाही दिलं. मग हर्षाला विचारलं, बाबांचं काही पत्र आहे का रे? तो म्हणाला, आई, तू त्यात पडू नकोस. सगळे मला जपतायत, कमळी. चार वर्षं जपतायत. त्यांच्या हातचं मी न वाचलेलं एक पान जगात आहे, आणि ते सगळ्या गावाच्या फाईलीत. मी नाही वाचायचं?"

मी हात पुसले आणि पत्र उघडलं. ते अक्षर मला कुठेही ओळखू येईल. माझ्या पहिल्या हजार ब्लाउजांच्या कागदांवर समासात तेच असायचं.

सरांनी मार्सेलच्या बापाला आभार मानायला लिहिलं होतं. शाळेच्या पहिल्या वर्षी गावाने बावखलातून पाणी दिलं, रस्ता दिला, एक पैसा घेतला नाही. आणि मग: 'शाळा उद्या मोठी होईल. माझी बुद्धी तेव्हा आजच्यासारखी राहीलच असं नाही, म्हणून आजच लिहून देतो. बावखल गावाचं आहे. मी त्याच्या काठावरचा पाहुणा. पाहुण्याने पाणी मागावं, ओंजळभर घ्यावं. तळं मागू नये. मी मागितलं, किंवा माझ्यामागून कोणी मागितलं, तर हे पत्र दाखवावं.'

"वाचून परत ठेवणार होते," बाई म्हणाल्या. "उद्या क्लाराकडे नमस्काराला जाऊन पुन्हा खोक्यात. मग वाचलं. आता हे परत दिलं तर परवा भरसभेत माझ्या मुलाला त्याच्या बापाकडून उत्तर मिळेल. त्याने कर्ज काढलंय, नकाशे केलेत, रात्ररात्र जागतो. वाईट मुलगा नाही ग तो. आणि नाही दिलं, तर यांनी विश्वासाने लिहिलेलं मी गिळलं."

खिडकीबाहेर बावखलावर बगळे उतरत होते. माझ्या विहिरीचं पाणी त्या तळ्याचं, आणि माझी अक्षरं या घराची.

फाईल माझ्या हाताशी होती. उचलून चालायला लागले असते तर बाईंनी अडवलं नसतं.

"शनिवारी अकराला आहे," मी म्हटलं, आणि पातेलं पालथं घालून बाहेर पडले.

क्लाराच्या दारात मार्सेल वाट पाहत होता. "काय लागला पत्ता?"

"लागला."

"कोन?"

"क्लारा नाही, अल्पेश नाही. बाकीचं शनिवारी सांगते."

"नि शनिवारी फाईल नाय आली तर?"



५

शुक्रवारी मी तीन ब्लाउज उसवले, त्यातले दोन स्वतःच शिवलेले.

शनिवारी सभागृह भरलं. सरांचा फोटो भिंतीवर, त्याला हर्षवर्धनने त्याच सकाळी हार घातलेला. महापालिकेकडून आलेले साहेब पंख्याखाली बसले होते. क्लारा सगळ्यांना पाणी देत फिरत होती, नजर जमिनीकडे. बाई पहिल्या रांगेत, हर्षवर्धनच्या शेजारी, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते दिसत नव्हतं. गुडघ्याची औषधं असतील, पोथी असेल. मी त्या पिशवीकडे इतकं पाहिलं की एस्थर म्हणाली, "शिवायची हाय काय तुला तशी?"

हर्षवर्धनने नकाशे दाखवले. नम्रपणे बोलला. नऊशे मुलं, चौदा वर्ग, आळीतल्या मुलांना पहिला मान. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"हरकती कोणाच्या आहेत?" साहेबांनी विचारलं.

मार्सेल उठला. हातात नऊ सह्यांचा कागद, चार घड्या घातलेला. "साहेब, पहिलं म्हंजे या शालेचे आमच्यावर उपकार. श्रीरंग सरांनी आमाला मानसं बनवलं. माझ्या दोनी पोरी हितंच शिकल्या..."

तो पाच मिनिटं बोलला. सगळे मान डोलवत होते. मीही डोलवली. त्याच्यानंतर अल्पेश उठला, फीचं सांगितलं आणि बसला. आणखी दोघं उठले, तेही आभारच मानून बसले. अशी हरकतींची सुनावणी त्या साहेबांनी आधी पाहिली नसावी.

"हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण हरकत काय आहे?"

मार्सेलने कागदाची पाचवी घडी घातली. साहेबांनी पेन उघडलं.

बाईंची काठी जमिनीवर वाजली.

त्या उठल्या तेव्हा हर्षवर्धन सवयीने कोपराला धरायला उठला. त्यांनी त्याला धरू दिलं. पिशवीतून निळी फाईल निघाली. मार्सेल माझ्याकडे वळला. मी क्लाराकडे पाहिलं. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या वाकडा झाला होता.

"फाईल मी नेली होती," बाई म्हणाल्या. "न विचारता. मार्सेल, चूक झाली. क्लारा, तुझ्याकडे कोणी पाहिलं असेल तर त्याचं पाप माझं."

मग त्यांनी पत्र वाचलं. चष्मा दोनदा पुसावा लागला. 'तळं मागू नये' इथे आल्यावर त्या थांबल्या आणि तेवढी ओळ पुन्हा वाचली, सर वर्गात वाचायचे तशी, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशी.

हर्षवर्धनने त्यांचा कोपर अजून सोडला नव्हता. तो कागदावरच्या अक्षराकडे बघत होता, मजकुराकडे नाही.

बाईंनी पत्राची घडी केली आणि ती साहेबांना नाही, त्याच्या हातात दिली.

"हर्षा, या सगळ्यांवर तुझ्या बाबांचे उपकार आहेत, म्हणून यांच्या तोंडून निघणार नाही. आणि आपल्यावर यांचे किती आहेत, ते तुला मी कधी सांगितलं नाही. ती माझी चूक." त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "बाळा, ते बावखल आपलं नाही."